भावंडांचे जोडकपडे आणि दीड लाखाचा कोर्स

प्रश्न : मुलगी बारावी (कला) झाली. घरच्या मशीनवर तिने भाचरांसाठी एकाच कापडाचे फ्रॉक-शर्ट शिवले, तेव्हापासून ओळखीचे लोक मागणी करतात. तिला एका खासगी संस्थेत फॅशन डिझायनिंग करायचे आहे. फी दीड लाख. भरावी का?
– एक आई, बार्शी

उत्तर : यंदा भरू नका. रंगसंगती तिला जमते, म्हणून तर लोक मागत आहेत. ती अडेल मापात आणि हिशेबात, आणि ते शिकायला दीड लाख लागत नाहीत.

4 वर्षांच्या मुलीचा बिनबाह्यांचा फ्रॉक आणि 7 वर्षांच्या मुलाचा हाफ शर्ट व चड्डी असा जोड धरा. 44 इंची पन्ह्याचे (म्हणजे रुंदीचे) छापील कॉटन 1 मीटर, साधे रंगीत 1 मीटर आणि चड्डीसाठी जाड कापड अर्धा मीटर एवढ्यात तो बसतो. फ्रॉकच्या घेराला एकच पन्हा पुरतो, कारण 24 इंची कमरेच्या पावणेदोन पट म्हणजे 42 इंच. फ्रॉक छापील कापडाचा, शर्ट साध्याचा. छापील कापडाच्या उरलेल्या भागातून शर्टची कॉलर, खिसा आणि बाह्यांच्या पट्ट्या निघतात. साध्या कापडातून फ्रॉकच्या गळ्याची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी आणि कमरपट्टा. दोघांना नखशिखांत एकाच छापात गुंडाळण्यापेक्षा हे दिसतेही चांगले, आणि शर्ट एरवी कशावरही घालता येतो. छाप एकाच दिशेचा असेल तर भाग उलटसुलट मांडता येत नाहीत, कापड वाढवून घ्यावे. चौकडी सध्या नकोच. रेषा जुळवण्यात कापड आणि वेळ दोन्ही जातात.

कापण्याआधी कॉटन रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करायची. मीटरमागे 3 ते 5 सेंटिमीटर आटणे नेहमीचेच. ते शिवल्यावर आटले तर पहिल्याच धुण्यात मुंढा (काखेभोवतीचा घेर) काचतो. गडद साधे कापड वेगळे भिजवा, नाहीतर त्याचा रंग छापावर उतरतो. लहान मुलांचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. 4 वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 20 इंच असतो, त्यामुळे छोट्या गोल गळ्याला मागे 4-5 इंचांची फट आणि बटण हवेच. इलॅस्टिक कमरेपेक्षा 2 इंच कमी घ्यावे, आणि 1 इंची इलॅस्टिकला नेफा (ते ओवायची दुमड) सव्वा इंचाचा ठेवावा. घट्ट नेफ्यात ते नीट सरकत नाही. फ्रॉकच्या खाली 3 इंचांची दुमड ठेवली की पुढच्या वर्षी उंची वाढवता येते. कमी बजेटवाल्या आईला याचे मोल फार असते.

खरी कसोटी मात्र मापांची आहे. आज ती समोरच्या मुलाचे माप घेऊन शिवते. धंद्यात 2, 4, 6 आणि 8 वर्षांचे कागदी साचे तयार लागतात, आणि एक साचा सगळीकडून सारखा वाढवून पुढचा होत नाही. दोन वर्षांत छाती साधारण इंचभर वाढते, उंची त्याहून बरीच जास्त.

आता हिशेब. कापड 150 रुपये मीटर धरले तर अडीच मीटरचे 375. इलॅस्टिक, बटणे, दोरा, कॉलरचे फ्यूजिंग (कडकपणासाठी आत चिकटवायचे अस्तर) मिळून 60. सहा तासांची मजुरी तासाला 80 रुपयांनी 480. झाले 915, आणि यात वीज, सुया, वाया गेलेले कापड धरलेलेच नाही. 700 ला जोड विकला तर तिची निम्म्याच्या आसपास मजुरी बुडते. (दर उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बाजारातले घाला.) एकाच मापाचे चार-पाच फ्रॉक थर लावून एकदम कापले की वेळ वाचतो, म्हणूनही साचे हवेत.

शिक्षणासाठी आधी आयटीआयचा एक वर्षाचा ‘सुईंग टेक्नॉलॉजी’ पाहा. सरकारी संस्थेत फी अगदी कमी असते, आणि पुढे निदेशक व्हायचे तर सीआयटीएसची, म्हणजे निदेशकांच्या प्रशिक्षणाची, वाट तिथून निघते. मुलगी 18 पूर्ण असेल आणि स्वतः शिवणकामाचा व्यवसाय करत असेल, तर केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी या गटात नोंदणी सुरू आहे का ते विचारा. योजनेत मिळते ते असे : अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत आणि प्रशिक्षणानंतर 1 लाखापर्यंतचे पहिले कर्ज 5 टक्के व्याजाने. लाभ एका कुटुंबातून एकालाच मिळतो, तेव्हा अर्ज कोणी करायचा हे घरात आधी ठरवा.

वर्षानंतरही डिझायनिंगच करायचे असेल, तर त्या संस्थेला विचारा : पॅटर्न मेकिंगचे (साचे बनवण्याचे) तास किती, एका औद्योगिक मशीनमागे विद्यार्थी किती, मुलांच्या कपड्यांचे ग्रेडिंग (एका साच्यावरून लहान-मोठी मापे काढणे) विद्यार्थ्यांकडून करून घेता का? उत्तरे नुसती माहितीपुस्तकातली नकोत. मागच्या तुकडीने बनवलेले साचे दाखवायला सांगा.