मुलाच्या प्लीहेत ४ सेंमीची सिस्ट (पाण्याने भरलेली गाठ) सापडली. ऑपरेशन करावंच लागेल का?

लागेलच असं नाही. ५ सेंमीपेक्षा लहान, त्रास न देणाऱ्या सिस्टवर सहसा दर ६ ते १२ महिन्यांनी सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. आधी हायडॅटिडची (कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या जंतामुळे होणाऱ्या गाठीची) रक्ततपासणी मात्र हवीच, कारण तशी गाठ नकळत टोचली गेली तर तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते. गाठ वाढली किंवा डाव्या कुशीत दुखू लागलं, तर दुर्बिणीतून ऑपरेशन. नुसतं सुईने पाणी काढण्यावर थांबू नका. अस्तर आतच राहतं आणि बहुतेकदा पाणी पुन्हा भरतं. प्लीहा शक्य तितकी वाचवायचा आग्रह धरा, ती गेली की न्यूमोकोकससारखे जंतू झपाट्याने हल्ला करतात. पूर्ण काढायचीच असेल, तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, हिब लशी किमान २ आठवडे आधी. कबड्डी-कुस्ती तूर्त बंद. मार लागून पोट दुखलं, मूल पांढरंफटक पडलं, तर लगेच इमर्जन्सीत न्या.