पद कोणाला म्हणतेस?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा ‘संगीत सौभद्रा’च्या तालमीनंतर जिन्यात गाठून तू जे विचारलेस त्याचे उत्तर मी टाळले, कारण जिना चढून मला दम लागला होता आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला होता. गाण्याच्या बाई म्हणतात, मान हलवू नकोस, सूर डळमळतो. नृत्य बसवणारी ताई म्हणते, नुसती उभी राहिलीस तर खांबासारखी दिसतेस. दिग्दर्शक म्हणतात, दोन्ही ठीक आहे, पण यात सुभद्रा कुठे आहे? या तिघांपैकी कोणाचे ऐकू, असा तुझा प्रश्न. राग तुझा आला नाही; मीही आयुष्याची निम्मी वर्षे हाच प्रश्न घेऊन फिरलो, म्हणून आला.

तू तीन सुभद्रा पाठ केल्या आहेस. पहिली गद्य बोलते आणि छान बोलते. मग ऑर्गनवर सूर मिळतो, पहिली सुभद्रा विंगेत निघून गेल्यासारखी होते, आणि मधोमध उजेडात येऊन दुसरी गाऊ लागते. अंतऱ्याआधीच्या वाद्यांच्या तुकड्यात तिसरी येते, कथकचे दोन आवर्तनांचे काम करते आणि समेवर थांबते. तिघीही गुणी आहेत, पण त्यांची एकमेकींशी ओळख नाही. आणि या सगळ्या काळात तुझी सखी कुसुमावती बिचारी कुठे असते, हे तू कधी पाहिले आहेस का? ती तुझ्या डाव्या हाताला पदर चाळवीत उभी असते.

म्हणून पहिली गोष्ट आणि शेवटचीही हीच समज: पद, नाटकातले हे गाणे, कोणाला उद्देशून म्हणतेस ते आधी ठरव.

तुझ्या पदाचा पहिला शब्द बघ. ‘वद जाऊ कुणाला शरण’. ‘वद’ म्हणजे सांग. ती आज्ञा आहे, आर्जव आहे, आणि ते समोर उभ्या असलेल्या सखीला उद्देशून आहे. ‘अग सखये’ असे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुढे लिहूनही ठेवले आहे. तू मात्र ‘वद’ म्हणतेस तेव्हा तिसऱ्या रांगेकडे पाहतेस. तिसऱ्या रांगेतला माणूस काय वदणार? त्याने तिकीट काढले आहे, दुर्योधनाशी ठरलेले लग्न मोडण्याची जबाबदारी घेतलेली नाही. पुढे तू म्हणतेस की आप्त, बंधू, बांधव सगळ्यांना मनातले दुःख सांगून झाले आणि ते विफल ठरले. म्हणजे अंतरा गाऊन धृपदावर परत येतेस तेव्हा प्रश्न पहिल्यासारखा राहिलेला नसतो. पहिल्यांदा तू खरोखर विचारतेस, दुसऱ्यांदा उत्तर नाही हे माहीत असताना विचारतेस. सूर तेच, शब्द तेच; पण आवाजातला कस, मानेचा कोन, हात कुठपर्यंत जाऊन थांबतो, हे सगळे वेगळे व्हायला हवे, आणि ते आरशासमोर ठरवून होणार नाही, कुसुमावतीच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावरच होईल.

श्वासाचेही तेच. ‘करी जो हरण संकटाचे’ हे एक वाक्य आहे. ‘हरण’ म्हणून तू परवा दम घेतलास आणि क्षणभर रंगमंचावर खरेच हरीण आले. (सुभद्राहरणाच्या कथेवरच्या नाटकात हा शब्द नायिकेच्याच तोंडी यावा, याची मला अजून गंमत वाटते.) श्वास तुझी छाती रिकामी झाली म्हणून घ्यायचा नसतो, सुभद्रेचे बोलणे जिथे अडते तिथे घ्यायचा असतो. त्यासाठी छाती तयार करावी लागते, तो रियाज मी सांगायची गरज नाही.

किर्लोस्करांची पदे नुसती आरंभापुरती वाचून काढ. ‘वद’, ‘प्रिये पहा’, ‘किती सांगू तुला’, ‘बलसागर तुम्ही’. पुन्हा पुन्हा कोणीतरी समोर आहे आणि त्याच्याकडून काहीतरी हवे आहे. १८८०च्या ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदे होती, ती प्रत्येक आजच्यासारखी आळवीत बसले असते तर त्या काळचे रात्रभराचे प्रयोगही पुरले नसते. साकी, दिंडी, कामदा या कीर्तनात आणि घराघरात रुळलेल्या चाली. पद म्हणजे संभाषणाचाच पुढचा भाग होता, संभाषण थांबवून केलेली मैफल नव्हती. पुढे १९११मध्ये ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६मध्ये ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी, आणि रंगभूमीवर रागदारीचे वैभव आले. त्या वैभवाचा मी भक्त आहे. पण त्याच्या सावलीत आम्ही मागाहून आलेल्यांनी फार आळस केला, हेही तितकेच खरे.

आम्ही म्हणजे मी. तिशीत असताना ‘सौभद्रा’त मी कृष्ण करीत असे. ‘प्रिये पहा’ला हमखास वन्स मोअर येई. एका प्रयोगात तो तीनदा आला आणि मी तीनदा घेतला, प्रत्येक वेळी गळ्यातली नवी जागा दाखवीत, प्रेक्षकांकडे तोंड करून. रात्र सरून उषःकाल होतो आहे, असे रुक्मिणीला सांगायचे ते पद. आमच्या नाटकात तीनदा उजाडले. प्रयोगानंतर रुक्मिणी करणाऱ्या बाई मेकअप पुसता पुसता शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही पहा म्हणालात, मी पाहिले. पुढचा अर्धा तास मी कुठे पाहायचे, तेवढे सांगून ठेवा.” सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढची कित्येक वर्षे तसेच गात राहिलो. का, म्हणून विचारशील. लोक त्यासाठी येत होते. गावोगावचे ठेकेदार नाटकाचे नाव विचारण्याआधी गाणार कोण ते विचारीत. आणि टाळ्या थांबल्या की पोट थांबते, हे तुझ्या पिढीला सांगायला नको. माझे चुकले असे मी लिहितो आहे, पण त्या टाळ्या खोट्या होत्या असे मी मरेपर्यंत म्हणणार नाही. त्या बाईंना मात्र मी उत्तर दिले नाही, आणि आता त्या नाहीत.

गळ्यात पात्र नसतेच, ते फक्त चेहऱ्यावर असते, असा याचा अर्थ काढू नकोस. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये ‘घेई छंद’ हे एकच पद पंडितजी गातात आणि त्यांचे प्रतिस्पर्धी गवई खाँसाहेबही गातात. अभिषेकीबुवांचे संगीत असलेल्या त्या नाटकात शब्द सारखे असूनही दोन माणसे, दोन स्वभाव डोळे मिटून ओळखता येतात. तेव्हा तान घेऊ नकोस असे मी म्हणत नाही. तान कोणासाठी घेतेस ते सांग, मग हवी तेवढी घे.

नृत्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार कमी आहे, कारण मी ते शिकायला नकार दिला. एका दिग्दर्शकाने विचारले होते. मी म्हणालो, गाणारा माणूस नाचत नाही. पुढे ‘घाशीराम कोतवाल’ पाहिले आणि माझे ते वाक्य मलाच टोचू लागले. १९७२चे नाटक, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये. ब्राह्मणांची ती डोलणारी, गाणारी भिंत समोर तोंड करून उभी असते तेव्हा एक असते आणि पाठ फिरवते तेव्हा दुसरीच होते. पाठ फिरवणे ही एवढीशी हालचाल, पण तिथे काय चालले आहे ते आम्हाला पाहायचे नाही, असे साऱ्या शहराने सांगितल्यासारखे वाटते. मोहन आगाशांचा नाना फडणवीस ठुमकत येई, आणि त्या पावलांत त्याची वासना आणि त्याची सत्ता दोन्ही दिसत. ते पाऊल कोणाकडे चालले आहे, हे बघणाऱ्याला लगेच कळे. तुझे दोन आवर्तनांचे काम कोणाकडे चालले आहे? ताईंना सांग, तुकडा तोच ठेवा, पण मला सखीपासून दूर जाऊ द्या आणि समेला मागे वळून तिच्याकडे पाहू द्या. त्या हुशार आहेत, लगेच समजतील. गाण्याच्या बाईंनाही मान हलवण्याची तक्रार राहणार नाही, कारण उगाच हलणारी मानच सूर बिघडवते, कोणाला तरी शोधणारी मान सहसा बिघडवत नाही.

आता काम. आठ दिवस पद चालीत म्हणू नकोस. गद्यासारखे बोल, खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला उभ्या असलेल्या मैत्रिणीला, आणि ती जोवर ‘हं, मग?’ म्हणत नाही तोवर पुढच्या ओळीवर जाऊ नकोस. नंतर तेच चालता चालता बोल, आणि कुठल्या शब्दावर पाय आपोआप थांबतात ते पुस्तकात पेन्सिलीने लिहून ठेव. मग सूर लाव, पण आधी तानपुऱ्यावर. ऑर्गन भरला की आपल्याला आपले पोकळपण ऐकू येत नाही. हे कंटाळवाणे आहे. तू नाक मुरडशील तेही मला दिसते आहे. नाक मुरडून कर.

पुढच्या रविवारी सकाळी ये. तबलजी नको, साडी-शेला नको, फोनवर चित्रण करणारा तो मुलगा तर मुळीच नको. कुसुमावती करणारी मुलगी मात्र बरोबर आण. ती आली नाही तर चहा मिळेल, पण पद मी ऐकणार नाही.

कळावे,
तुझा काका