जुनी गाडी, घरगुती एअर इनटेक : वाचकांचे प्रश्न

जुन्या गाडीला घरीच एअर इनटेक (इंजिनला हवा पोचवणारा फिल्टर आणि नळी) बनवून बसवण्याबद्दल बरेच प्रश्न साठले होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न : वीसेक वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे. फिल्टरचा मूळ डबा काढून कोनाच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि सरळ नळी बसवली. सकाळी गाडी मस्त पळते, आवाजही दमदार येतो. पण गर्दीत अडकलो की पिकअप पार मरतो. असं का?

तुमचा फिल्टर आता इंजिनच्या अंगाचीच गरम हवा ओढतोय. गाडी उभी आहे, रेडिएटरचा पंखा गरम झोत मागे फेकतोय, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला वायू बाहेर नेणारा तापलेला भाग) हातभर अंतरावर आहे. अशा वेळी बॉनेटखालची हवा सहज ६० अंशांवर जाते. बाहेर ३० अंश धरा. म्हणजे ३०३ केल्विनची हवा ३३३ केल्विन झाली, आणि हवा जितकी तापते तितकी विरळ होते. हिशोब केला तर तेवढ्याच जागेत ९ टक्के कमी हवा. नळी आतून आरशासारखी गुळगुळीत केली तरी ही तूट भरून निघत नाही. त्यात नॉक सेन्सर असेल, तर गरम हवेमुळे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड) सुरू होताच गाडीचा कॉम्प्युटर इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. पिकअप आणखी पडतो.

सकाळी ‘मस्त पळते’ म्हणता, तेही एकदा घड्याळ लावून तपासा. मूळ नळीला बाजूने एक रिकामी डबी जोडलेली असते, तो रेझोनेटर. त्याचं काम आवाज गिळणं. तो निघाला की सक्शनचा घुरघुराट थेट केबिनमध्ये येतो आणि कान सांगतात की गाडी जास्त ओढतेय. कानांवर विश्वास ठेवू नका.

उपाय आहे. फिल्टरभोवती पत्र्याचा बंद डबा करा, बॉनेट बंद झाल्यावर वर घट्ट टेकेल अशी रबरी पट्टी त्याच्या कडेला लावा आणि डब्याला हवा ग्रिलच्या मागून किंवा हेडलाइटशेजारच्या पोकळीतून द्या. एवढं सगळं केल्यावर जे तयार होतं ते कंपनीच्या मूळ डब्यासारखंच दिसतं, ती गोष्ट वेगळी.

प्रश्न : पाण्याच्या पीव्हीसी पाईपची नळी चालेल का?

बरेच जण चालवतात. पण पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मऊ पडलेल्या पाईपवर आवळलेली क्लिप त्यात रुतते, गार झाल्यावर सैल राहते आणि सांध्यातून फिल्टर न झालेली हवा आत जाते. ॲल्युमिनियमची नळी घ्या. टोकांना उठावदार कड काढून घ्या म्हणजे होज निसटणार नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असतं आणि डबा बॉडीला बोल्ट केलेला असतो, म्हणून मध्ये एक तरी सांधा लवचिक होजचाच हवा. नळी कापल्यावर कडा घासा आणि आतून धुवा. फिल्टरनंतरच्या नळीत राहिलेला धातूचा कीस थेट सिलिंडरमध्ये जातो.

आणि ती घड्या-घड्यांची, ताणली की लांब होणारी नळी नकोच. तिच्या प्रत्येक वळीवर हवा अडखळते.

प्रश्न : ६० मिलिमीटरच्या जागी ७० मिलिमीटरची नळी टाकली आणि एअर फ्लो सेन्सर त्यातच बसवला. आता आयडलिंगला रेस वर-खाली होते आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय.

लागणारच. हा सेन्सर सगळी हवा मोजत नाही. नळीच्या मधोमध जाणाऱ्या थोड्या हवेचा वेग बघून तो एकूण हवेचा अंदाज देतो, आणि तो अंदाज मूळ नळीच्या व्यासावर ठरलेला असतो. ६० ची नळी ७० ची झाली की आतलं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा आता हळू वाहते, सेन्सर ती सुमारे २७ टक्के कमी सांगतो आणि कॉम्प्युटर त्या मानाने पेट्रोल कमी सोडतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं बघून तो दुरुस्ती करतो खरी, पण बहुतेक गाड्यांत ती २०-२५ टक्क्यांच्या आसपास थांबते. मग दिवा लागतो.

दिव्यापेक्षा मला काळजी चढावाची आहे. पूर्ण जोर लावला असताना बहुतेक कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं थांबवतात. त्या वेळी मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) राहिलं तर नॉकिंग होतं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह तापतात. हे दुरुस्त होईपर्यंत गाडी दामटू नका. सेन्सर त्याच्या मूळ तुकड्यासकट परत बसवा, जाळी असेल तर ती काढू नका आणि सेन्सरच्या आधी नळी थोडी सरळ ठेवा. वळणातून बाहेर पडलेली हवा एका बाजूला लोटलेली असते, रीडिंग चुकतं. तेल लावायचा कापडी फिल्टर असेल तर तेल बेताने लावा. जास्तीचं तेल सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं.

तुमच्या गाडीत एअर फ्लो सेन्सर नसून इनटेक मॅनिफोल्डचा (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागाचा) दाब मोजणारा सेन्सर असता, तर नळीच्या व्यासाने एवढं बिघडलं नसतं.

प्रश्न : टॅपेट कव्हरवरून (इंजिनच्या वरच्या झाकणावरून) मूळ नळीत एक बारीक पाईप येत होता. त्याला छोटा फिल्टर लावून मोकळा सोडला तर?

एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत नको. त्या पाईपमधून क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागात) जाणारी हवा मग सेन्सरने मोजलेली नसते, आणि आयडलिंग बिघडतं. नव्या नळीला सेन्सर आणि थ्रॉटल (रेस दिल्यावर उघडणारी हवेची झडप) यांच्या मध्ये निपल बसवून तो पाईप तिथे जोडा. बुजवून तर अजिबात टाकू नका. दाब साठतो आणि ऑइल सील गळायला लागतात.

प्रश्न : कार्बोरेटरची गाडी आहे. डबा काढल्यापासून मध्येच झटके देते, सायलेन्सरमधून फटफट येते. जेट बदलायचे का?

मिक्श्चर लीन झालंय. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते आणि कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, मूळ डब्याचा अडथळा धरूनच निवडलेले असतात. इथे चूक सुधारायला कॉम्प्युटर नाही. आधी डबा परत लावून बघा. झटके गेले तर निदान पक्कं. मग डबा काढायचाच असेल तर मेन जेट एका नंबरने मोठा टाका आणि गाडी जोरात चालवून लगेच प्लग काढा. पोर्सेलिन पांढरंफटक दिसलं तर अजून लीन, फिकट तपकिरी दिसलं तर ठीक, काळी काजळी असेल तर तुम्ही पुढे गेलात.

काही जुन्या डब्यांना एक्झॉस्टजवळून गरम हवा घेणारी झडप असते. थंड, दमट हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून ती आहे. डबा फेकण्याआधी तुमच्याकडची हवा कशी असते ते आठवा.

प्रश्न : जुनी डिझेल गाडी, रोजचे मातीचे रस्ते. ऑइल बाथ फिल्टर काढून कोनाच्या आकाराचा फिल्टर लावू का?

मी तरी लावणार नाही. ऑइल बाथमध्ये हवा तेलावर येऊन एकदम वळते, जड धूळ तेलात पडते आणि उरलेली ओल्या जाळीत अडकते. त्याचं तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलेलं तेल ओढलं गेलं तर डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं आणि रेस आवरत नाही.

बदलायचा हट्टच असेल तर धुळीची परीक्षा घ्या. फिल्टरनंतरच्या नळीत आतून पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवा, काही दिवस त्याच रस्त्यांवर गाडी चालवा. मग नळी उघडून ते ग्रीस दोन बोटांत चोळा. कचकच लागली की तीच धूळ पिस्टनच्या रिंगा खातेय असं समजा. दोष बहुतेक वेळा फिल्टरच्या कापडात नसतो, क्लिपखालच्या सांध्यात असतो.

प्रश्न : फिल्टर बंपरच्या खाली नेला तर सगळ्यात गार हवा मिळेल ना?

मिळेल, आणि डबक्यातलं पाणीही मिळेल. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हवेचं तोंड मूळ जागेपेक्षा खाली नेऊ नका.

प्रश्न : हे सगळं करून फायदा किती झाला, ते घरी कसं मोजायचं?

खरं म्हणजे हे काम नळी कापण्याआधी करायचं. बारीक पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बसवा, दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा आणि शेजारी पट्टी लावा. एक टोक मोकळं सोडा. दुसरं टोक फिल्टरच्या नंतर पण थ्रॉटलच्या अलीकडे जोडा. थ्रॉटलच्या पलीकडे चुकूनही जोडू नका. आयडलिंगला तिथला दाब बाहेरच्यापेक्षा ६०-७० किलोपास्कल कमी असतो. एवढ्या ओढीने पाणी सहा मीटर चढेल, म्हणजे सरळ इंजिनात.

मोकळ्या चढावर पूर्ण रेस द्या आणि शेजारी बसलेल्याला दोन बाजूंच्या पातळीतला फरक वाचू द्या. १० सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १ टक्का. मूळ डबा आणि नवा कागदी फिल्टर लावून फरक १५ सेंटिमीटर आला, तर जगातली सर्वोत्तम नळीही तुम्हाला दीड टक्क्याच्या आसपासच देईल. फरक ४० च्या पुढे गेला तर मात्र काम करण्यासारखं आहे. मग तेच टोक फिल्टरच्या आधी जोडून पुन्हा बघा, म्हणजे अडथळा फिल्टरमध्ये आहे की डब्याच्या पुढच्या तोंडात, ते कळेल. तोंड अरुंद निघालं तर तेवढंच मोठं करा, बाकी डब्याला हात लावू नका.

आकडा लहान आला आणि तरी गाडी ओढत नसेल, तर कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, टायमिंग आणि तुंबलेला सायलेन्सर बघा.