बफेलो बिल्सने सुपर बोल कधी जिंकलाय का? प्लेऑफ रेकॉर्ड कसाय?

नाही, एकदाही नाही. (बिल्स ही एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधली टीम, प्लेऑफ म्हणजे सीझनअखेरच्या नॉकआउट मॅचेस आणि सुपर बोल म्हणजे फायनल.) पण म्हणून टीम फालतू आहे असं समजू नका, १९९० ते १९९३ असे सलग चार सीझन ते सुपर बोलला पोचले, हे आजपर्यंत दुसऱ्या कुठल्याच टीमला जमलेलं नाही, आणि चारही हरले.

पहिली तर अगदी हातातोंडाशी आलेली. जानेवारी १९९१, समोर न्यूयॉर्क जायंट्स, स्कोअर २०-१९ असा जायंट्स पुढे, शेवटची ८ सेकंद उरलेली आणि बिल्सच्या स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची, मॅच जिंकून देऊ शकणारी किक पोलच्या उजवीकडून बाहेर गेली, संपलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनने ३७-२४ हरवलं, मग डॅलसने दोनदा, त्यातला ५२-१७ वाला तर बघवत नाही.

गंमत म्हणजे त्याच ५२-१७ वाल्या सीझनमध्ये ह्यूस्टनविरुद्ध ३-३५ असे मागे असताना बॅकअप क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा खेळाडू) फ्रँक राइकने मॅच फिरवली आणि ओव्हरटाइममध्ये ४१-३८ ने जिंकले!! माझ्या मते ही मॅच एखाद्या ट्रॉफीच्या तोडीची आहे.

मग १९९९ नंतर १७ सीझन प्लेऑफचं तोंडच बघितलं नाही. क्वार्टरबॅक जॉश ॲलन आल्यापासून परत नियमित जातायत, पण कॅन्सस सिटी हात धुवून मागे लागलीय, जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध १३ सेकंद बाकी असताना बिल्स ३ पॉइंटने पुढे होते तरी घालवली.

चॅम्पियनशिप म्हणाल तर १९६४ आणि १९६५ च्या दोन एएफएल (तेव्हाची एनएफएलची प्रतिस्पर्धी लीग) ट्रॉफ्या आहेत, दोन्ही सॅन डिएगो चार्जर्सना हरवून, पण तेव्हा सुपर बोल सुरूच झाला नव्हता.