निओ-प्रोग ऐकायला बसण्याआधी

निओ-प्रोग म्हणजे ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये पुढे आलेला प्रोग्रेसिव्ह रॉकचा प्रकार. त्यातल्या मॅरिलियन, आयक्यू आणि पेंड्रॅगन या बँडांत सरस कोण हे ठरवण्याआधी प्लेअरमधलं शफल नि क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढवणं) बंद करा, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पाडता वाजवणं) चालू ठेवा. मॅरिलियनच्या ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ या अल्बममध्ये (१९८५) गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्ये दोन सेकंद शांतता आली तरी रसभंग होतो. सुमारे ४१ मिनिटं आहेत, एका बैठकीत ऐका. नवखे त्यातलं नुसतं ‘केली’ हे गाजलेलं गाणं ऐकून बँडला पॉप ठरवतात, तिथेच गल्लत होते. ‘स्यूडो सिल्क किमोनो’ संपता संपता ‘केली’ची गिटार सुरू होते, तो सांधा कान देऊन ऐका. किती सुंदर आहे!

१९८८ मध्ये मॅरिलियनचा गायक फिश बाहेर पडला, नंतर त्याच्या जागी स्टीव्ह होगार्थ आला. त्यांच्या ‘ब्रेव्ह’ या अल्बममध्ये (१९९४) फिशला शोधत बसू नका, निराशाच होईल.

आयक्यू जास्त गडद. माझ्या मते ‘द वेक’ (१९८५) श्रेष्ठ, पण सुरुवात ‘एव्हर’पासून (१९९३) करा, ऐंशीच्या दशकातला ड्रमचा आवाज नव्या कानांना खटकतो.

लांब, गाती गिटार आवडत असेल तर पेंड्रॅगनचा ‘द मास्करेड ओव्हरचर’ (१९९६) घ्या. त्यांचा गिटारवादक निक बॅरेट सुरांना घाई करत नाही.