कलमं गहाण ठेवून मर्चंट नेव्ही?

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमची आंब्याची बाग आहे. मुलगा बारावी सायन्स, पीसीएमला 67 टक्के. मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतो, पण समुद्र झेपेल का, हे त्यालाही ठाम सांगता येत नाही. डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) या वर्षभराच्या कोर्सचा खर्च 5 लाख. 'जहाजावर चढवायचे' म्हणून एजंट वेगळे 3 लाख मागतोय. बाग गहाण ठेवून 8 लाख उचलू का?

उत्तर: नको. एजंटचे 3 लाख तर हिशेबातूनच काढा. आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, असलेल्या कंपनीला नोकरी लावण्याचे पैसे घेताच येत नाहीत, आणि परवाना नसलेल्याच्या हाती मुलगा द्यायचा नाही. उरलेल्या 5 लाखांसाठी बाग कशाला? मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश असेल तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत.

फीच्या आधी डीजी शिपिंगच्या (जहाज वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. डेकसाठी (जहाज चालवणारी शाखा, डीएनएस त्याचीच) चष्म्याविना 6/6 नजर लागते आणि रंग ओळखता यावे लागतात. लाल-हिरव्यातला घोळ पुष्कळ मुलांना तपासणीपर्यंत माहीतच नसतो. मग बघा स्पॉन्सरशिप लेटर, म्हणजे कोर्सनंतर जहाजावर घेण्याचं शिपिंग कंपनीचं पत्र. ते हातात नसेल तर डीएनएस झालेला मुलगा जहाजाची वाट बघत घरी बसतो.

खरी अडचण पुढे आहे. 5 लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं: हप्ता सुमारे 8,430 रुपये. तो सुरू होतो कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने. मुलाचा 18 महिन्यांचा सी-टाइम (कॅडेट, म्हणजे शिकाऊ, म्हणून जहाजावर काढायचा काळ) तेव्हा पुरा झालेला नसतो, हातात कॅडेटचा स्टायपेंड, आणि दोन काँट्रॅक्टच्या मधे बहुधा तोही नाही. सी-टाइम संपला की सेकंड मेटच्या (डेक अधिकारी होण्याच्या) परीक्षेसाठी पुन्हा काही महिने जमिनीवर, बिनपगारी. म्हणून 12 हप्त्यांचे लाखभर रुपये एफडीत वेगळे ठेवा. कोर्स चालू असतानाचं व्याजही दरमहा भरत जा, नाहीतर ते मुद्दलात चढतं.

आता 'झेपेल का'. मुलगा सी-टाइम अर्धवट टाकून परतला तर नुसत्या डीएनएसला किनाऱ्यावर फारसं कोणी विचारत नाही. मनात एवढी शंका असेल तर तीन वर्षांचं बीएस्सी नॉटिकल सायन्स बघा: पदवी पदरात पडते, पुढे सी-टाइमही 12 महिनेच. फी मात्र जास्त, आणि कर्ज साडेसात लाखांपुढे गेलं की तारणाचा प्रश्न परत येतो. तरी डळमळीत मनाने डीएनएस करण्यापेक्षा मी हेच सुचवेन.

'पगार टॅक्स-फ्री' हे ऐकलं असेलच. ते खरं ठरतं आर्थिक वर्षात भारतातले दिवस 182 च्या आत असतील तर. परदेशी फेरीचे दिवस सीडीसीतल्या (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर चढल्या-उतरल्याच्या, तारखांवरून मोजतात. 1 नोव्हेंबरला चढलेल्याचे 31 मार्चपर्यंत जहाजावरचे 151 दिवसच होतात, भारतातले 182 च्या वर जातात, म्हणजे पहिल्या वर्षी तो टॅक्ससाठी बहुधा भारतातला रहिवासीच. सीडीसीच्या त्या पानांची झेरॉक्स दरवर्षी घरी ठेवत जा.