सी लायब्ररीचा आकडा इनममध्ये कोंबू नकोस

सी लायब्ररीकडून आलेला आकडा ट्रान्सम्यूटने (बिट्स न तपासता डेटाचा प्रकार बदलणारं फंक्शन) थेट रस्टच्या इनममध्ये (ठरावीक मूल्यंच चालणारा प्रकार) घालतोयस, ते आधी काढ. आज लायब्ररीत तीनच स्थिती असतील. उद्या चौथी आली की तुझ्या इनममध्ये नसलेलं मूल्य तयार होतं, आणि ते नुसतं तयार होणं हेच अनडिफाइंड बिहेवियर. पुढचा मॅच (मूल्य पाहून फांदी निवडणारा कोड) भलत्याच फांदीत शिरेल की प्रोग्राम कोसळेल, कशाचीच हमी नाही. टेस्ट मात्र बहुधा पास होत राहतील, हे जास्त वाईट.

त्यापेक्षा यू३२ (३२ बिटांचा बिनचिन्ह पूर्णांक) भोवती साधा स्ट्रक्ट कर, त्याला रिप्र ट्रान्सपरंट लाव (म्हणजे मेमरीत त्याची मांडणी आतल्या आकड्यासारखीच राहते) आणि माहीत असलेली मूल्यं कॉन्स्ट, म्हणजे स्थिरांक, म्हणून दे. दिसायला ओबडधोबड, मान्य. पण अनोळखी आकडा जसाच्या तसा टिकतो, लॉगमध्ये छापता येतो, पुढे पाठवताही येतो. इनमच हवा असेल तर ट्रायफ्रॉम (तपासून रूपांतर करणारं, न जमल्यास एरर देणारं) लिही आणि एररमध्ये मूळ आकडा ठेव.

‘पुढे आणखी मूल्यं येऊ शकतात’ असं इनमवर सांगणारी नॉन-एक्झॉस्टिव्ह ही खूण (रस्ट १.४०, २०१९) इथे उपयोगाचं नाही. ते दुसऱ्या क्रेटला (रस्टचं पॅकेज) मॅचमध्ये अंडरस्कोरची, म्हणजे ‘बाकी सगळं’ची, फांदी लिहायला लावतं, एवढंच. बाहेरून येणारा आकडा ते तपासत नाही. स्वतःची लायब्ररी काढशील तेव्हा मात्र एररच्या इनमवर पहिल्याच आवृत्तीत लाव. नंतर लावलंस तर तोच ब्रेकिंग चेंज (वापरणाऱ्यांचा कोड मोडणारा बदल) ठरतो.